झोपलेल्या अण्णांचे श्वास

घर बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मांसमच्छी खाता का हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दुपारी दोन ते तीन कुकर लावता काय?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी सांगितलं, बायको आणि मुलगी पुण्यातच राहणार आहेत, मी इथे एकटाच, जेवण बहुतेक बाहेरच.

"म्हणजे लावत न्हाई. मग तसं सरळ सांगा की."

"नाही लावत."

"सरी, ठीक हाय. आता वर जावा आणि खोलीतनं चार फेऱ्या मारा. चपला घालून."

मी वरच्या रिकाम्या खोलीत चपला घालून फेऱ्या मारल्या. काका खाली छताकडे कान करून उभे होते. खालून आवाज आला, "डावी टाच आपटालाय तुम्ही. पण चालंल." त्या कानडी शहरातलं, राजाजीनगरातलं ते घर मला असं मिळालं. तिथे मी तीन वर्षं राहिलो.

दोन ते तीन ही अण्णांची झोपेची वेळ होती. अण्णा म्हणजे काकांचा कुत्रा. पॉमेरियनची भेसळ असलेला, कधीकाळी पांढरा आणि आता जुन्या सदऱ्याच्या रंगाचा झालेला, नऊ किलो वजनाचा. लहान असताना त्याचं नाव पिंट्या होतं. आठ वर्षांचा झाल्यावर काकांनी कुठेतरी वाचलं की कुत्र्याची आठ वर्षं म्हणजे माणसाची साठी जवळ आली. त्या दिवसापासून ते त्याला पिंटूअण्णा म्हणू लागले. आणखी दोन वर्षांनी हिशेबाने तो काकांच्याही पुढे गेला, तेव्हा नाव घेणंच बंद झालं. नुसतं अण्णा, आणि अहो-जाहो. "अण्णा, उठा. अण्णा, पाय पुसून घ्या." शेजारच्या अक्का पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा आतल्या खोलीत काकांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेत अशा समजुतीने त्यांनी केळी आणली होती. अण्णांनी त्यातलं अर्धं केळं खाल्लं.

मी राहायला गेलो तेव्हा अण्णा बारा वर्षांचे होते. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, त्यामुळे रक्त मागे फिरायचं, हृदय फुगलं होतं आणि कधीही फुप्फुसांत पाणी साठेल अशी धास्ती होती. मागच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजले होते. सकाळी उठताना पुढचे पाय आधी उठत आणि मागचे विचार करत बसत.

काका मूळचे निपाणीचे. इथल्या एका यंत्रभागांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेला प्रत्येक तुकडा मोजायचा आणि बसत नसेल तर परत पाठवायचा, एवढंच काम. बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. निपाणीला एक थोरली बहीण, तिचा मुलगा आणि मुलगी, एवढंच गणगोत. निवृत्त होताना त्यांनी कारखान्यातून एक गोष्ट मागून आणली, काम किती वेळात होतं ते पाहायला हातात धरून चालू-बंद करायचं जुनं घड्याळ. त्यावर ते अण्णांचे श्वास मोजत.

अण्णांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरी पाहता येण्यासारखी सगळ्यात भरवशाची खूण तीच. कुत्रा गाढ झोपला की छाती वर आणि खाली मिळून एक श्वास. एक मिनिट मोजायचं. तीसच्या आत असला तर बरं. तीसच्या वर गेला तर तासाभराने पुन्हा मोजायचं, आणि तरीही वरच असला तर वाट न पाहता फोन करायचा. जागेपणी किंवा धापा टाकताना मोजलेला आकडा कामाचा नाही. म्हणून पहाटे एकदा आणि दुपारी एकदा काका अण्णांच्या बाजूला मांडी घालून बसत, आणि त्या वेळी गल्लीत कुणी हॉर्न वाजवला तर खिडकीतून नुसता हात बाहेर काढत. तो हात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होता.

"आज कसे आहेत अण्णा?" मी जिन्यावरून विचारायचो.

"चोवीस."

"बरे वाटतात मग."

"वाटतात बिटतात काय? अंदाज नको, इंजिनियर. आकडा सांगा."

मला ते सगळं गमतीचं वाटायचं. मी ऑफिसात त्यांची नक्कल करून दाखवायचो. खिडकीतून बाहेर आलेला हात, छताला लावलेला कान. लोक हसायचे. हे सांगायला आता लाज वाटते, पण जे सांगायला बसलो आहे त्यापुढे ते काहीच नाही.

त्या घरात जमीन दिसत नसे. गुळगुळीत फरशीवर अण्णांचे मागचे पाय फाकत, म्हणून रबरी चटया, पोती, पायपुसणी यांची एक वाट पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत गेलेली. आपण त्या वाटेवर पाय ठेवायचा नाही, फरशीवरून चालायचं. दारापुढच्या तीन पायऱ्यांवर काकांनी जुनं दार आडवं टाकून उतार केला होता. चढ किती असावा हे ठरेना, तेव्हा ते स्वतः हातापायांवर रांगत त्यावरून खालीवर गेले. लुंगी खोचलेली, तोंड रस्त्याकडे. अक्का फाटकाशी थांबल्या.

"एनायतु सार?" काय झालं, म्हणून त्यांनी घाबरून विचारलं.

"टेस्टिंग," काका म्हणाले आणि पुन्हा वर गेले.

गळपट्ट्याने घसा दाबला की अण्णांना खोकला येई. म्हणून काकांनी छातीवरून जाणारा पट्टा शिवून घ्यायला इथल्याच शिवाजीनगरात एका पिशव्या शिवणाऱ्याकडे मापांचा कागद नेला. ते काम तीनदा परत पाठवल्यावर शिवणारा म्हणाला, "सार, माझ्या मुलीच्या लग्नाचा ब्लाउजसुद्धा एवढ्यांदा उसवला नव्हता."

"तिला खोकला व्हता काय?" काकांनी विचारलं.

हृदयाची गोळी जेवणाआधी तासभर. पाणी काढणारी गोळी दोन वेळा. ती दिली की अण्णांना सारखं बाहेर जावं लागे, तरी पाण्याचं भांडं कधी रिकामं राहू द्यायचं नाही. मीठ नाही, टोस्ट नाही, बिस्किट नाही. फिरणं रोज पाच वेळा, प्रत्येक वेळी सहा घरांपर्यंत. नखं आणि तळव्यातले केस दर रविवारी. अण्णांना हे सगळं बहुधा जाचक वाटत असावं, पण ते काकांकडे असे बघत की जणू म्हाताऱ्याचा हट्ट आहे, करून घेऊ दे.

खरा पेच हृदयाचा आणि सांध्यांचा होता. मी तिथे दुसऱ्या वर्षात असताना अण्णांचं उठणं फारच अवघड झालं. दुखणं थांबवणारी गोळी होती, पण तिचा ताण मूत्रपिंडांवर येतो, आणि पाणी काढणाऱ्या गोळीचाही तिथेच. रक्ताच्या तपासणीत ते दिसायलाही लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस एक करून पाहू. पाणी काढणारी गोळी थोडी कमी करते, दुखण्याच्या गोळीची अगदी लहान मात्रा सुरू करते. पण श्वास मोजायला चुकायचं नाही. आकडा चढला तर लगेच जुन्या मात्रेवर यायचं.

चौथ्या दिवशी अण्णा आपण होऊन उठले आणि दारापर्यंत गेले. काका मला हाक मारायला जिना चढून आले, जे ते कधीच करत नसत. आणि पाचव्या दिवशी निपाणीहून भाचीचा फोन आला. बहिणीला दवाखान्यात ठेवलं होतं. ती भावाचं नाव घेत होती.

मी म्हणालो, मी बघतो अण्णांना. माझं काम तेव्हा घरूनच चालायचं. काकांनी लगेच होकार दिला नाही. मला समोर बसवून त्यांनी पाच वेळा मोजायला लावलं, स्वतः वेगळं मोजलं आणि आकडे ताडून पाहिले. दोनदा माझा एक श्वास कमी भरला. "स्वप्नात असले की असं फडफडतंय, ते धरू नका. ते गेल्यावर परत पयल्यापासनं." पाचव्यांदा दोघांचेही तेवीस आले. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, वही दिली आणि त्या रात्रीच्या बसने गेले. चार दिवसांसाठी. अण्णांना सोडून ते पहिल्यांदाच बाहेरगावी चालले होते.

पहिल्या दिवशी मी पहाटे मोजले, चोवीस. दुपारी सव्वीस. दोन्ही खरे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली नाही. दुपारी पावणेदोनला एक मीटिंग सुरू झाली ती सव्वातीनला संपली. खाली गेलो तेव्हा अण्णा जागे होते. जागेपणीचा आकडा कामाचा नाही हे मला माहीत होतं. मी वहीत पहाटेच्या खान्यात पंचवीस आणि दुपारच्या खान्यात सव्वीस लिहिलं.

हे मी कसं केलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे आठवड्याच्या शेवटी कुठल्या कामाला किती तास लागले ते भरून द्यावं लागतं. गेली वीस वर्षं मी तो तक्ता शुक्रवारी संध्याकाळी भरतो, मागच्या आठवड्याचे आकडे उचलून त्यात थोडं इकडेतिकडे करून. सगळेच भरतात. कुणी विचारत नाही. त्यावर माझा हात इतका बसला होता की वहीतले ते दोन आकडे लिहिताना मला आपण खोटं करतो आहोत असं वाटलंच नाही. रिकामा खाना भरला, एवढंच वाटलं.

काका दिवसातून दोनदा फोन करायचे. नमस्कार नाही, काही नाही. "आकडा?"

"सव्वीस."

"सरी. आणि चालतात काय?"

"चालतात की, काका."

चालत होते. ते खरं होतं. गोळ्या मी सगळ्या वेळेवर दिल्या, पाणी दिलं, सहा घरांपर्यंत नेलं. तिसऱ्या दिवशी ते चौथ्या घरापाशी बसले. मला वाटलं, ऊन आहे. थोडं खोकले. मला वाटलं, नेहमीचाच. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे आकडेही मी वरच बसून लिहिले, आणि इथे मी स्वतःला कुठलीच सवलत देऊ शकत नाही. त्या दोन दिवसांत मला वेळ होता.

पाचव्या दिवशी सकाळी काका बसमधून उतरून आले. पिशवी दारातच टाकली आणि अण्णांकडे बघून तिथेच खाली बसले. अण्णा उभे होते, मान लांब केलेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली. ते आडवे होत नव्हते. त्यांना आडवं होताच येत नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी तसं पाहिलं होतं आणि वाट बघत असतील काकांची, असं समजून वर गेलो होतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं. मग वही पाहिली. त्या काकांशी कानडीत बोलत होत्या, पण आकडे आणि झडपेचा इंग्रजी शब्द एवढं मला कळत होतं आणि उरलेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी हिंदीत समजावलं. काल दुपारपर्यंत सव्वीस आहे. आज अठ्ठेचाळीस. गोळी कमी केल्यामुळे पाणी साठलं असतं तर आकडा हळूहळू चढला असता. हे एकदम झालंय. झडपेला धरून ठेवणारा एखादा दोर तुटला असावा. तसं असेल तर औषधांनी फार काही होईल असं सांगता येत नाही.

काकांनी अण्णांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं. मग त्यांनी मराठीतच, बाईंना कळणार नाही हे विसरून, विचारलं, "मग त्यास्नी त्रास किती दिवस द्यायचा?"

बाईंना मराठी येत नव्हती, पण असा प्रश्न त्यांनी अनेकदा ऐकला असणार. त्या हलकेच म्हणाल्या, कायमचं झोपवायचं ते आत्ताच ठरवायला नको, पण संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर बोलू.

 मी तेव्हाही लगेच बोललो नाही. काकांनी अण्णांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते हळू आवाजात त्यांच्याशी बोलू लागले, पिंट्या म्हणून. अरे पिंट्या, म्हणाले. तेव्हा मी म्हणालो, "आकडे खरे नाहीत."

डॉक्टरीणबाईंना मी ते हिंदीत सांगितलं, आणि काकांकडे न बघता मराठीत पुन्हा सांगितलं. मोजले नाहीत. तीन दिवस मोजले नाहीत.

बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी लगेच छातीची एक्स-रे फिल्म काढायला सांगितली, पाणी काढणाऱ्या औषधाची मात्रा वाढवली आणि म्हणाल्या, मग हे तीन दिवसांत साठलेलं पाणी असू शकतं, मग आशा आहे. काकांनी वही मागून घेतली.

"कुठले खरे?"

"पहिले दोन."

त्यांनी खिशातून पेन काढलं, वजनाच्या काट्याजवळची पट्टी घेतली आणि उरलेल्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारली. रेघेखाली सही केली. कारखान्यात नापास मालाच्या कागदावर करत असतील तशी. "सरी," ते म्हणाले. मला नव्हे, वहीला.

अण्णा तिसऱ्या दिवशी घरी आले. पण दुखण्याची ती गोळी पुन्हा सुरू करायला डॉक्टरीणबाईही धजल्या नाहीत आणि काकाही. आपण होऊन उठून दारापर्यंत जाणारे अण्णा मग कुणाला दिसले नाहीत. काका पोटाखालून टॉवेल घालून त्यांचा मागचा भाग उचलत आणि दोघे मिळून सहा पायांनी बाहेर येत. ज्या गोळीने त्यांना बरं वाटत होतं ती माझ्यामुळे बंद झाली. पुढे तीन वर्षं झाल्यावर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला राहायला गेलो. ऑफिस जवळ पडतं, असं मी सगळ्यांना सांगतो. अण्णा त्यानंतर काही महिन्यांनी गेले, झोपेत, हे मला अक्कांनी फोनवर कळवलं.

त्या प्रकारावर काका मला कधीच काही बोलले नाहीत. भाडं वाढवलं नाही, सणाला वर पोळ्या पाठवायचं थांबवलं नाही. फक्त त्यांनी मला पुन्हा आकडा सांगितला नाही. "कसे आहेत अण्णा?" विचारलं की म्हणत, "हायेत."

त्या प्रकारानंतर सहा महिन्यांनी, मी अजून वरच राहत होतो तेव्हा, मागे बरी होऊन घरी आलेली बहीण पुन्हा आजारी पडली. भाची रोज फोन करायची. काका रोज म्हणायचे, "येतो, स्वल्प थांबा, आठवडाभरानं येतो." एकदा मी खाली जाऊन म्हणालो, "काका, मी सुट्टी काढतो. लॅपटॉप बंद ठेवतो. रोज व्हिडिओ काढून पाठवतो, तुम्ही स्वतः मोजा."

"राग न्हाई तुमच्यावर," ते म्हणाले. "पण मला तिकडं झोप लागणार न्हाई. तिच्या उशाला बसून मी हिकडचंच बघणार. मग जाऊन काय उपेग?"

माझ्या गाडीतून अण्णांनाही घेऊन जाऊ, असंही मी सुचवलं. नऊ तासांचा रस्ता. डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलं होतं, ते त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

एका सकाळी फोन आला. बहीण गेली. निघाले असते तर दहनापर्यंत पोचले असते. ते गेले नाहीत. दुपारी दोन वाजता मी खिडकीतून पाहिलं, ते अण्णांजवळ बसून मोजत होते.

दिवसकार्याला मामाकडून भाच्याला टॉवेल-टोपी आणि भाचीला साडी जावी लागते. आदल्या दिवशी काका जिना चढून वर आले, हातात पिशवी घेऊन. "एवढं काम करता काय? तुमच्याबिगर कोण न्हाई मला." मग जरा थांबून म्हणाले, "का आले न्हाईत म्हणून इचारतील. गुडघं धरलेत म्हणून सांगा. दुसरं काय सांगू नका." एकतीस वर्षं एक खोटा तुकडा पुढे न सोडलेला माणूस मला हे सांगत होता. माझ्यासाठी, माझी चूक बाहेर येऊ नये म्हणून.

मी निपाणीला सकाळी पोचलो. दारात मांडव होता. भाची पुढे आली, माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे, गाडीकडे पाहिलं.

"मामा?"

"ते आले नाहीत. मी त्यांचा भाडेकरू. त्यांनी हे पाठवलंय."

"का वो? बरं हाय न्हवं त्यास्नी?"

गुडघे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. आजूबाजूला सात-आठ माणसं उभी होती, त्यांनी माना हलवल्या असत्या आणि विषय संपला असता. मी तिला खरं सांगितलं. कुत्रा आजारी आहे, तो कुणाच्या हवाली करून यायला त्यांना माणूस नव्हता, आणि नव्हता तो माझ्यामुळे. मागच्या वेळी मी काय केलं तेही सांगितलं. श्वास मोजणं म्हणजे काय हे तिला कळेना, म्हणून ते समजावून सांगावं लागलं. तिने सगळं ऐकलं.

"म्हणजे एका मिनिटाचं काम," ती म्हणाली.

"हो. दिवसातून दोनदा."

"एका मिनिटाचं." ती पिशवीतली साडी बाहेर काढून घडी बघत राहिली. "आई शेवटचं चार दिवस उशी दाराकडं करायला लावायची. तिकडनं गार वारं येतंय, म्हणायची. ह्या दारातनं कुठलं वारं?"

 आतून भटजींनी विचारलं, मामाकडचं कोण आलंय? भाचा डोक्याचा चकोट करून चौरंगापाशी बसला होता. त्याच्या समोर एक पाट रिकामा होता. मी पिशवी भाचीच्या हातात द्यायला लागलो, म्हटलं, तुम्हीच भावाला घाला टोपी, मी निघतो.

तिने पिशवी घेतली नाही. तो पाट तिने पायाने जरा माझ्याकडे सरकवला.

"बसा. मामाकडचं माणूस बसल्याबिगर पुढचं हुईत न्हाई."

मी उभाच राहिलो. तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा बसलो.